ओले काजू आणि माझं तोंड

शिमगा आटोपून दोन दिवस झाले होते, तरी न्हाणीच्या दगडावरचे गुलाबी ओघळ गेले नव्हते. माहेरच्या खळ्यात ऊन कलत होतं आणि शेजारची काकी आमच्या पडवीच्या पायरीशी आडाळो, म्हणजे विळी, मांडून ओले काजू फोडत बसली होती. एका बाजूला हिरव्या बियांचा ढीग, दुसऱ्या बाजूला टरफलं, मध्ये करवंटीत चुलीतली राख. बी उभी धरायची, पात्यावर दाबायची, दोन फाका झाल्या की काडीने गर अलगद उचलायचा. दर पाच-सहा बियांनंतर बोटं राखेत बुडायची. तिची ही लय मी लहानपणापासून बघत आले आहे, त्यामुळे तिच्याकडे माझं खरं म्हणजे लक्षच नव्हतं. मी बाहेर आले ती तोंडाला लालभडक काहीतरी फासून, हातात मोबाइल धरून, दहा मिनिटांचा गजर लावत.

काकीचा हात थांबला. "ता काय गो लावलंस तोंडाक?"

मी म्हटलं, पील आहे. वरची मेलेली त्वचा निघून जाते. तिला ते कळेना म्हणून मराठीत सांगायला गेले आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे गं काकी, त्वचा सोलायची." तिने हातातल्या काजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सोलतंस? तोंड?" बाटली केवढ्याला, हेही विचारलं. मी सांगितलं. मग तिने आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं काळी पडलेली, अंगठ्याच्या पेराशी पांढरट पापुद्रे सुटलेले, तर्जनीच्या कडेला एक कोवळी गुलाबी पट्टी. म्हणाली, "तू पैशे देऊन सोलतंस, आणि माका सोलल्याचे पैशे गावतत."

पडवीत सगळे हसले. मीही हसले. हसताना ओठांच्या कोपऱ्यांत चुरचुरलं, तिकडे मी दुर्लक्ष केलं.

मग मुलीचा फोन आला, परीक्षेचं रामायण सुरू झालं आणि दहाची पंचवीस मिनिटं झाली. गजर वाजला तेव्हा मी तो बोलता बोलता बंद केला होता, हे नंतर आठवलं.

काकीचं ते वाक्य मात्र मागे लागलं. त्यात टोमणा नव्हता, हीच अडचण होती. टोमणा असता तर उलट बोलून मोकळी झाले असते. तिला खरोखरच तो हिशेब गमतीचा वाटला होता. रात्री चेहरा तापल्यासारखा झाला म्हणून पंख्याखाली पडून राहिले आणि झोप येईना तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. अल्फा हायड्रॉक्सी आम्लं 30 टक्के, सॅलिसिलिक आम्ल 2 टक्के. खरेदी करताना ही अक्षरं दिसतात, पण वाचली जात नाहीत.

आता यातली गंमत सांगायला हवी, कारण ती मला नंतर कळली आणि अजून पुरती पचलेली नाही. काजूच्या टरफलात जे तेल असतं, ज्याने ओले काजू फोडणाऱ्या बायकांचे हात भाजतात, त्यातला मोठा वाटा ॲनाकार्डिक आम्लाचा. आणि हे आम्ल म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत लांब शेपूट लावलेलं सॅलिसिलिक आम्लच. सांगाडा तोच, मागे कर्बाची एक लांबलचक साखळी. वाळुंजाच्या जातीच्या झाडांवरून ज्याला नाव मिळालं ते आम्ल शेपटीविना माझ्या बाटलीत होतं आणि शेपटीसकट काकीच्या हातांवर. दोन्हींची कामाची रीत अर्थातच सारखी नाही. काजूचं तेल सरळ भाजतं, काहींना त्याची ॲलर्जीही होते. आंब्याचा चीक आणि बिब्बाही त्याच कुळातले. हापूस काढताना देठातून उडालेल्या चिकाचा डाग गालावर घेऊन शाळेत गेलेलं पोर कोकणात दर मे महिन्याआधी एखादं तरी असायचंच. बाटलीतलं सॅलिसिलिक त्या मानाने सभ्य. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलकट रंध्रात शिरून तिथला चिकटा सैल करतं. पण सभ्य माणसालाही पंचवीस मिनिटं अंगावर बसवून ठेवलं तर तो सभ्य राहत नाही.

मी हे विकत का घेतलं होतं? एका फोटोमुळे. ऑफिसमधल्या कुणाच्या तरी निरोप समारंभात मी मागच्या रांगेत उभी आहे आणि माझा चेहरा खिडकीवरच्या न पुसलेल्या काचेसारखा दिसतो आहे. सुरकुत्या नव्हेत, डागही नव्हेत, एक प्रकारचा मळकटपणा. सत्तेचाळीसाव्या वर्षी हे व्हायचंच असतं म्हणे. तरुण त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिनाभर लागतो. वय वाढतं तसा हा प्रवास रेंगाळतो, मेलेल्या पेशी वर जरा जास्त दिवस थांबतात, प्रकाश नीट परतत नाही. वर आलेल्या पेशींना धरून ठेवणारे टाके शरीरातली एन्झाइम्स रोज उसवत असतात. आम्लं लावायची ती या उसवण्याला हातभार म्हणून. हे सगळं शास्त्र ठीक आहे. पण खरं सांगायचं तर त्या रात्री बाटली मागवताना माझ्या मनात पेशी नव्हत्या. मनात 'उजळ' हा शब्द होता. आमच्या घरात मी सावळी, धाकटी गोरी. बाळंतिणीच्या खोलीपासून हा शब्द कानावर पडलेला. हल्ली त्याला 'ग्लो' म्हणतात, बाटलीवरही तेच लिहिलेलं असतं, आणि माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईलाही नवं नाव घातलेला जुना पाहुणा दारात ओळखू येत नाही.

आजीचं प्रकरण मात्र वेगळं होतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' ओरडायचं, कडू जिभेला लावायचं आणि त्याआधी थंडीने कुडकुडत न्हाणीत उभं राहायचं. आजी उटणं नारळाच्या रसात कालवायची. मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी. वासाने अर्धी झोप उडायची. पाठ, ढोपरं, घोटे यांना ती सोडण लावायची, म्हणजे नारळाची सालं ठेचून केलेली ती राकट घासणी. टाचांना वजरी. आम्ही ओरडायचो, पाठीवर लाल रेघा उमटायच्या. पण चेहऱ्यापाशी आली की तिचा हात बदलायचा. सोडण बाजूला, बोटांच्या टोकांनी उटण्याचा रस नुसता फिरवायची आणि ते वाळायच्या आत पाणी ओतायची. एकदा मी हौसेने सोडणच गालावर घासलं तेव्हा हातावर चापट बसली होती. "तोंड म्हणजे घासूचा भांडा न्हय."

तिला सगळं कळत होतं असं म्हणायचा मोह होतो, पण मी तो आवरते. हीच आजी तान्ह्या भावंडांच्या कपाळावरची लव पिठाच्या गोळ्याने घासून काढायची, ती पोरं आकांत करायची आणि दोन दिवस कपाळावर पुरळ मिरवायची. कोपराच्या काळेपणावर लिंबाची फोड चोळायची. ते लिंबू पुढे मला भोवलं. बारावीनंतरच्या सुट्टीत चुलतबहिणीच्या लग्नाआधी मी लिंबाच्या रसात साखर घालून ते मानेला आणि गालाला चोळलं आणि तशीच दुपारी भर उन्हात किनाऱ्यावर गेले. तिसऱ्या दिवशी मानेवर ओघळाच्या आकाराचा तपकिरी पट्टा. लग्नाच्या फोटोत तो आहे. लिंबाच्या रसात, सालीत तर त्याहून जास्त, अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन पडलं तर त्वचा भाजते आणि मागे डाग राहतो. शिवाय त्याचा सामू (pH) 2 च्या आसपास, आपल्या त्वचेचा 5 च्या. खाण्याचा सोडा त्याच्या उलट बाजूला. स्वयंपाकघरातलं म्हणजे सौम्य, हा समज आपल्याकडे का टिकून आहे कोण जाणे. स्वयंपाकघरात आपण मिरचीही ठेवतो.

मग मुंबईतल्या हॉस्टेलची वर्षं, निळ्या दाण्यांचं स्क्रब. गालावर गोल गोल फिरवताना ते दाणे कसे एकसारखे, मऊ लागायचे. ते प्लास्टिकचे होते, पॉलिएथिलीनचे, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? अमेरिकेने 2015 साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून ते काढायला लावले. ते चाळणीतून निसटतात आणि शेवटी समुद्रात जातात. मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं हा प्रश्न समुद्राकाठी वाढलेल्या मुलीला पडायला हवा होता. नाही पडला.

तर पंचवीस मिनिटांनी मी तोंड धुतलं. लाली होती. सकाळी ती बरीच ओसरलेली दिसली आणि मला वाटलं, जमलं. चेहरा तर चक्क तुकतुकीत होता. भाच्यांना घेऊन सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेले. सुरूच्या बनातून खाली उतरलं की ती पांढरी पुळण एकदम अंगावर येते, डोळे मिटावे लागतात. ओहोटी होती. पोरं कुर्ल्यांच्या बिळांमागे धावत होती, मी ओल्या वाळूत पाय रुतवून उभी. वारा थंड, म्हणून ऊन लागतंय हे कळत नव्हतं. कोकणातला वारा या बाबतीत पक्का लबाड. सनस्क्रीन बॅगेत होतं आणि बॅग गाडीत. अकराच्या सुमाराला गालांवर मुंग्या आल्यासारखं झालं. खारं पाणी शिंपडलं तशी मी जवळजवळ किंचाळलेच. संध्याकाळी आरशात पाहिलं तेव्हा गालफडं आणि जबड्याची कड उकडलेल्या कोळंबीच्या रंगाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाई माझ्याहून लहान, बोलायला फटकळ. बाटलीचा फोटो बघून त्यांनी आधी टक्केवारी मोठ्याने वाचली. म्हणाल्या, घरच्या घरी लावायची अशी आम्लं 10 टक्क्यांच्या वर नकोत आणि सामू साडेतीनच्या खाली नको, असं अमेरिकेतली प्रसाधनांची तज्ज्ञ समितीसुद्धा सांगते. तीस टक्के हा पार्लरमधल्या शिकलेल्या हातांचा मामला, तोही थोडक्या वेळेसाठी. मी विचारलं, आता काय करू? "आता काही करू नका. तेच तुम्हाला जड जाणार." साबण बंद, कोमट पाणी, साधं बिनवासाचं क्रीम, रात्री वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, दिवसा सनस्क्रीन आणि टोपी. उटणं नाही, कोरफड नाही, हळद नाही. पापुद्रे सुटतील, ते ओढायचे नाहीत. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. माझी नखं त्यांनी बहुतेक पाहिली असावीत.

मी काकीच्या हातांची गोष्ट त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तळव्याची आणि चेहऱ्याची तुलना नको. तळव्याची वरची चामडी जाड, ती सोसते. चेहऱ्यावरचा मेलेल्या पेशींचा थर पंधरा-वीस मायक्रॉनही नसतो, तुमच्या वहीचं पान त्याच्या पाचपट तरी जाड. त्याला मेलेला म्हणतात म्हणून तुम्ही त्याला कचरा समजता. पाणी आत धरून ठेवतो तो आणि जंतूंना बाहेर ठेवतो तो. आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेचं एक गाऱ्हाणं असतं. गोऱ्या कातडीवर भाजल्याची लाली येऊन जाते. आपल्याकडे लाली जाते आणि तिच्या जागी काळपट डाग मुक्कामाला येतो.

उजळ व्हायला निघालेल्या बाईला हे ऐकायला मिळावं, याला काय म्हणायचं?

तो डाग गणपती येईपर्यंत होता. आरतीच्या वेळी समईच्या उजेडात तो दिसत नाही, हा शोध मला त्या वर्षी लागला.

दरम्यान मी वाचत सुटले, आमच्या घराण्याचा तो दोष आहे. तेव्हा कळलं की ही फळांची आणि दुधाची आम्लं, म्हणजे बाटलीवरची ती अल्फा हायड्रॉक्सी आम्लं, आरशासमोरच्या फळीवर आली ती एका आजाराच्या वाटेने. युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी 1974 साली इक्थिओसिसवर त्यांचा उपयोग होतो असं मांडलं. इक्थिस म्हणजे ग्रीक भाषेत मासा. या रोगात त्वचेवर अक्षरशः खवले धरतात. आमच्या गावात बाजारातून पेडवे आणून खवले काढायला बसलेल्या बायका रोज दिसतात, त्यामुळे हे नाव मला फार जवळचं वाटलं. ज्यांच्या अंगावरचे खवले खरोखरच निघत नव्हते त्यांच्यासाठी शोधलेली वस्तू मी, ज्याला खवले नाहीत अशा चेहऱ्यावर, पंचवीस मिनिटं ठेवली होती.

पावसाळा सरता सरता डॉक्टरबाईंनी फोनवर परवानगी दिली: हवंच असेल तर मँडेलिक आम्लाने सुरुवात करा, त्याचा रेणू मोठा, आत हळू शिरतो, सावळ्या त्वचेला मानवतो. पाच टक्क्यांचं लॅक्टिकही चालेल. आधी कानामागे लावून दोन दिवस बघायचं. आठवड्यातून एकदा, रात्री, आणि त्या रात्री दुसरं काही नाही. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं क्रीम, असेल तर ते वेगळ्या दिवशी. भुवया कोरल्या असतील, पुरळ फुटलं असेल, ऊन लागलेलं असेल तर त्या आठवड्याला सुट्टी. चुरचुरलं की धुवायचं. चुरचुर म्हणजे काम होतंय असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकायचं नाही. मी विचारलं, आणि काहीच नाही लावलं तर? "मग जुन्या साडीचा मऊ तुकडा कोमट पाण्यात बुडवून आठवड्यातून एकदा अलगद फिरवा. बहुतेकांना तेवढं पुरतं." हे त्या आधी बोलल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. मग आठवलं की आधी मी त्यांच्याकडे गेलेच नव्हते.

सध्या मी दोन्ही करते. काही आठवडे आम्ल, काही आठवडे साडीचा तुकडा, पुष्कळ आठवडे विसरते. चेहरा बरा आहे. उजळ नाही, पण ती मळकट काच पुसल्यासारखी वाटते, निदान सकाळच्या उजेडात. 'उजळ' शब्द डोक्यातून गेला का? नाही गेला. मुलगी सेल्फी काढताना फिल्टर लावते तेव्हा मी तिला बोलते आणि मग म्हणते, मलाही पाठव.

यंदा शिमग्याला गेले तेव्हा काकीसाठी पेट्रोलियम जेलीची मोठी डबी आणि रबरी हातमोजे नेले होते. डबी तिने लगेच कनवटीला लावावी तशी उचलली. हातमोज्यांकडे मात्र संशयाने बघितलं, घालून दोन काजू फोडले, दोन्ही गर तुटले. तुटलेल्या गराला शेकड्यात धरत नाहीत. मोजे काढून तिने दोरीवर वाळत घातले, जणू धुतलेले कपडे, आणि बोटं पुन्हा राखेत बुडवली. डबी रात्री वापरते म्हणाली. हात बघू म्हटलं तर दाखवेना. माझ्याच हनुवटीला राखेचं बोट लावून तिने चेहरा उजेडाकडे फिरवला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "औंदा नाय सोललंस." त्या बोटाची राख पुसायची की नाही हे मला कळेना.

तिच्याकडून शेकडाभर गर घेतले. उसळ करायची होती. गरांवरचा तो गुलाबी-तपकिरी पापुद्रा काढायला मी नख लावलं आणि पहिल्याच गराचं टोक मोडलं. आईने मागून टोप पुढे सरकवला, गर कोमट पाण्यात सोडले, वर ताट झाकलं. मी मिनिटभराने ताट उचललं.

"रव गो जरा," आई म्हणाली. "पाणी अजून गरम आसा."